वस्तादांचा विश्वपीळ

नाथाजी वस्तादांनी विश्वाचं कोडं सोडवलं, तेव्हा सुलाबाई अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. वस्ताद परसातल्या तालमीतून तरातरा आले, अंगाला लाल माती तशीच, आणि बायकोला म्हणाले, "सापडलं गं! समदं एकच हाय!" सुलाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "आसंल. आदी ती शेळी हाका."

एवढा मोठा शोध आणि त्याचं स्वागत हे असं! पण वस्ताद शेळीबिळीनं मागं हटणारे गडी नव्हते. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, तिथं कुस्त्यांची मैदानं मारलेली, आणि शिराळ्याच्या अलीकडं आपल्या गावात तालीम काढून दोन पिढ्या घडवलेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ढाक लावा, कलाजंग लावा, नाहीतर धोबीपछाड मारा, डाव कुठलाही असला तरी समोरचा उचलला जातो तो कमरेतल्या पिळानं. मग पृथ्वी चंद्राला धरते, चुंबक खिळ्याला धरतं, वीज तारेतनं पळते, ती काय दरवेळी नवा जोर उसना आणून? छ्या! जोर एकच. पीळ. त्याला त्यांनी नाव दिलं विश्वपीळ, आणि पुढची अकरा वर्षं पहाटे उठून ते त्यावर लिहीत राहिले.

आता अशा घरात सून कुठली यावी? भौतिकशास्त्र शिकलेली! योग म्हणतात तो हाच.

स्वप्नाली आटपाडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिची पीएच.डी. अर्ध्यावर होती. पाहुण्यारावळ्यांनी लगेच तोंड सोडलं. सून रानात कधी जाणार, पाळणा कधी हलणार, आणि हे कोल्हापूरचे हेलपाटे किती दिवस चालणार. तेव्हा वस्तादांनी ओसरीवर उभं राहून सगळ्यांना सुनावलं होतं, "आखाड्यात उतरलेलं माणूस निकाल लागल्याबिगर भायेर येत न्हाई. माझी सून बी येणार न्हाई. ज्याला भाकरीची घाई आसंल त्यानं हाटेलात जावं." त्या एका बोलण्याच्या जोरावर ती डॉक्टर झाली. आता कराडच्या एका कॉलेजात शिकवत होती. आबांवर, म्हणजे वस्तादांवर, तिचा फार जीव. खरं सांगायचं तर वडिलांपेक्षा कांकणभर जास्तच, पण हे माहेरी बोलायची सोय नव्हती.

एवढा जीव असूनही एक विषय ती टाळत आली होती, आबांच्या विश्वपिळाच्या वह्या.

"सूनबाई, वाचलंस का?"

"वाचतीय आबा."

"कुठवर आलीस?"

"सुरुवातीलाच हाय अजून."

तीन वर्षं ती सुरुवातीलाच होती! कारण असे सिद्धांत तिला नवे नव्हते. कॉलेजच्या पत्त्यावर यायचे की. कुणी वाईहून पाठवायचा, कुणी मिरजेहून. सगळ्यांनी अख्खं विश्व एका सूत्रात कोंबलेलं आणि सगळ्यांना उलट टपाली शाबासकी हवी. तिनं ते वाचून बघितले होते, आणि सगळ्यांचं दुखणं तेच. पैलवान अंगाला तेल चोपडून आखाड्यात आला तर त्याला धरायचं कुठं? हात घालावा तिथून सटकतो. हे सिद्धांत तसलेच. काहीही घडलं की यांचं म्हणणं खरं. आणि उलटं घडलं? तरी यांचंच खरं. चूक ठरायला कुठं जागाच ठेवलेली नाही, मग बरोबर तरी कशाच्या जिवावर म्हणायचं? आबांचं पुस्तकही तसलंच निघालं तर काय तोंडानं सांगायचं, ही तिची भीती होती.

दिवाळी झाली आणि निमंत्रणपत्रिका छापून आली. साताऱ्याला पुस्तक छापलेलं, तालमीसमोर मांडव, अध्यक्ष म्हणून तालुक्याचे पुढारी वीरधवलदादा, आणि खाली ठळक अक्षरात, 'सिद्धांताचं परीक्षण करणार: डॉ. स्वप्नाली, शास्त्रज्ञ'. घ्या! विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ कुस्तीची जोड लावून मोकळे.

आता पळून चालणार नव्हतं. ती पुस्तक घेऊन बसली. पहिली शंभर पानं भीती होती तशीच गेली. चंद्र का फिरतो, पीळ. भोवरा का उभा राहतो, पीळ. एका पानावर तर सुलाबाईंचा राग कशानं वाढतो तेही पिळानंच सांगितलेलं. लिहिलेलं मात्र इतकं गोड की ती हसत हसत वाचत गेली. आणि मग आलं पान एकशे त्रेचाळीस.

तिथं आबांनी एक आकडा लिहिला होता. वजन हा जर पीळच असेल, तर फिरणाऱ्या चाकाचं वजन घटलं पाहिजे. किती घटलं पाहिजे? जोरात फिरलं तर किलोमागं पन्नास ग्रॅम. आणि खाली त्यांचं खास वाक्य, 'हे खोटं निघालं तर समदं पुस्तक खोटं.'

स्वप्नाली खुर्चीतून उठलीच. आबा, काय केलंत हे! वाईवाला, मिरजवाला, कुणालाच न झालेली हिंमत ह्या म्हाताऱ्यानं केली होती. अंगाला तेल न लावता मैदानात येऊन म्हटलं होतं, घ्या, हितं धरा मला. तिला त्यांचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि पुढच्याच क्षणाला ती पुन्हा खुर्चीत बसली, कारण ते चाक किती घटणार हे तिला आधीच माहीत होतं.

तरी तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाक फिरवून बघितलं. न बघता बोलणं म्हणजे आबांचा अपमान. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, उलटं फिरवून बघितलं. एका ग्रॅमचा फरक नाही.

"मग आता?" जयराजनं विचारलं. हा तिचा नवरा. शिराळ्यात खतांचं दुकान चालवायचा, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान.

"मग काय, चूक हाय."

"आगं, मांडवात आसं म्हणशील व्हय? अख्खा गाव आसणार. म्हातारा पुन्यांदा तोंड दाखवायचा न्हाई कुणाला. दोन गोड शब्द बोल आन खाली बस. कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काय जातंय! तिचं जात होतं. रोज पोरांना शिकवायचं की निसर्ग तोंड बघून उत्तर देत नाही, आणि घरच्या मांडवात आपणच तोंड बघून बोलायचं. पण खरं बोलून आबाच तुटले तर? ज्यांनी तिला अर्ध्यातून उठू दिलं नाही, त्यांनाच गावासमोर पाडायचं? आठवडाभर तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि शेवटी मायेनं बाजी मारली. तिनं गोड भाषण लिहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव गच्च भरला. वस्तादांचे जुने पठ्ठे लांबलांबून आलेले. कुणी पोलिसात, कुणी फौजेत, कुणाची पोटं सुटलेली, पण वस्ताद दिसले की सगळे ताठ. वस्तादांनी भगवा फेटा बांधलेला आणि चेहरा असा फुललेला की स्वप्नालीला त्यांच्याकडे बघवेना.

वीरधवलदादा आधी बोलले. "मी हे पुस्तक पान न् पान वाचलं," ते म्हणाले. "आबा परदेशात जन्मले असते तर आज जग त्यांच्या पायाशी असतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांच्या पुढ्यातल्या पुस्तकाचं प्लास्टिक अजून निघायचं होतं, पण तेवढं कोण बघतंय.

मग स्वप्नाली उठली. आबांची चिकाटी, आबांची भाषा, आबांची दृष्टी, यावर ती मनापासून बोलली. आणि शेवटाला आली. "या सिद्धांताला आज चूकही म्हणता येणार नाही आणि बरोबरही म्हणता येणार नाही. यावर अजून पुष्कळ संशोधन व्हायला हवं."

लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात वस्ताद जागेवरून उठले.

"थांब पोरी. पान एकशे त्रेचाळीस वाचलंस?"

"वाचलं आबा."

"चाक फिरवून बघितलंस?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. तिच्या तोंडून निघालं, "बघितलं."

"मग चूक बी न्हाई आन बरोबर बी न्हाई, हे कुठनं आलं? आकडा लिवलाय की मी तितं! एकतर घटलं आसंल, न्हाईतर न्हाई. मधलं काय आसतंय?" त्यांचा आवाज चढला. "माझ्यासंगं नुरा खेळतीस व्हय गं?"

पैलवानाच्या घरात याहून मोठी शिवी नाही. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. नुरा खेळणाऱ्या पठ्ठ्याला याच वस्तादांनी एकदा अंगावरच्या लंगोटानिशी तालमीबाहेर काढलं होतं, आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं नव्हतं. स्वप्नालीनं भाषणाचा कागद चुरगाळून मुठीत धरला.

"निकाल लागल्याबिगर सोडायची न्हाई," वस्ताद म्हणाले. "आत्ता, हितंच. आकाराम, तुझ्या डेअरीतला काटा आण. जयराज, तुझ्या जुन्या सायकलीचं चाक काढ."

आकाराम म्हणजे वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. आता दूध डेअरीचा मालक, पण वस्तादांनी हाक मारली की धावत सुटणारा. काटा आला, लोखंडी तिवईवर आडवं बसवलेलं चाक आलं. काट्याचा आकडा आकारामच्या बाजूला होता. त्यानं वाकून वाचलं, "चार किलो तीनशे वीस."

वस्तादांनी बाह्या सरसावल्या आणि चाकाला असा झटका दिला की आरे दिसेनासे झाले. तिवई सोडून नुसतं चाक दोन किलोचं धरलं, तरी शंभर ग्रॅम वजन उतरायला हवं होतं. मांडवातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. चाकाचा भुंग्यासारखा आवाज तेवढा येत होता. आकारामनं वाकून बघितलं, मान वर करून वस्तादांच्या तोंडाकडं बघितलं, आणि हात वर करून ओरडला,

"घटलं वस्ताद! घटलं!"

काय तो जल्लोष! हलगीवाल्यानं कुणी न सांगता हलगी धरली. दादा उठून उभे राहिले. जयराजनं लांबूनच बायकोला खूण केली, सुटलीस. आणि खरंच सुटली होती की! आता तिनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. आबांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांचं सुख मावत नव्हतं, आणि ते तिनं मोडायची गरज उरली नव्हती.

पण वस्ताद काट्याकडं बघत नव्हते. आकारामकडंही नाही. ते तिच्याकडं बघत होते. त्यांनी हात वर केला, हलगी थांबली.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले. "तू वाच."

ती पुढं झाली. तिनं काट्याचं तोंड धरलं आणि सरळ लोकांच्या बाजूला फिरवलं. लाल आकडे सगळ्यांना लखलखीत दिसले.

"चार किलो तीनशे वीस," तिनं वाचलं. "चाक थरथरतंय तेवढं पाच ग्रॅम खालीवर व्हतंय. बाकी काय न्हाई. फिरायच्या आदी जेवढं, तेवढंच हाय आबा. घटलं न्हाई."

चाक फिरत फिरत हळू झालं आणि थांबलं. मग मात्र पठ्ठ्यांना वाचा फुटली. "लाइट कमीजास्त होतीया वस्ताद!" "काट्यातच खोट हाय!" "उलटं फिरवा की एकदा!"

"गप बसा!" वस्ताद गरजले. "पाठ टेकली की उठून माती झटकायची. कारणं सांगत बसायचं न्हाई. काय शिकवलं रं मी तुमाला?"

मग ते आकारामकडं वळले. "पुस्तकात आकडा लिवायच्या आदी तालमीत चाक फिरवलं तवा बी तूच वाचलंतास न्हवं?"

एवढा दांडगा आकाराम, पण मान खाली घालून उभा. "व्हय वस्ताद."

"तवा बी आसंच वाचलंस?"

"वस्ताद, तुमचं तोंड बघितलं, आन... लय आशेनं बघत व्हता तुमी."

वस्तादांना हसू आलं की रडू, कळायला मार्ग नव्हता. आयुष्यभर पोरांना एकच शिकवलेलं, वस्तादाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. आणि मोजायला बसवलं तेही त्याच पोरांना. सगळ्या जगाचा जोर तोलायला निघालेला माणूस, पण काटा कुणाच्या हातात दिलाय ते बघायचं राहून गेलं. ते तिथंच मातीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. पांढरे केस घामानं चिकटलेले. स्वप्नालीला वाटलं, आपण या माणसाला संपवलं.

ती त्यांच्यापाशी जाऊन बसली. "आबा, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? आकडा बरोबर वाचलास की."

"तुमची अकरा वर्षं..."

"माझी व्हती, मी घालवली. लय ग्वाड गेली गं." त्यांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे, उलट्या हातानं. "दुखलं मातूर. खोटं कशाला बोलू. लय दुखलं."

आता ती रडायला लागली. सगळा मांडव बघतोय याचं भान तिला राहिलं नाही. वस्तादांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, उठले आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, ही माझी सून. ह्या पुस्तकाला आजवर लय जणांनी चांगलं म्हटलं. दादा तर म्हणालं पान न् पान वाचलं, आन त्यांच्या पुस्तकाचा कागद अजून निघायचाय." हशा पिकला, दादांनी घाईघाईनं पुस्तक मांडीखाली सारलं. वस्ताद हसले नाहीत. "समद्यांनी माझं मन राखलं. मन राखायला पुस्तक वाचावं लागत न्हाई. चूक दावायला मातूर एकशे त्रेचाळीस पानं वाचावी लागतात. अकरा वर्षांत तितवर आलेलं हे एकच माणूस."

त्यांनी माईक खाली ठेवला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. सुलाबाई होत्या. उभ्या राहून, पदर खोचून, एकट्याच टाळ्या वाजवत होत्या, आणि मग सगळा मांडव वाजवायला लागला.

कार्यक्रम संपला असं सगळ्यांना वाटलं. जयराज पुस्तकांचे गठ्ठे उचलून आत न्यायला लागला, तर वस्तादांनी त्याला दटावलं. "ठेव खाली. छापल्यात तर वाटायचीच." मग ते टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि खिशातून पेन काढलं.

सगळ्यात आधी आकाराम आला. त्यानं नेहमीसारखं पहिलं पान उघडून पुढं केलं. "तितं न्हाई रं," वस्ताद म्हणाले, आणि स्वतः पानं उलटत उलटत एकशे त्रेचाळीसवर आले. आकड्यापाशी समासात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हितं पाठ टेकली.' खाली लफ्फेदार सही ठोकली, आणि पेन स्वप्नालीपुढं धरलं.

"मी कशाला आबा?"

"कर गं. कुस्ती एकट्याची नसती."

तिनं त्यांच्या सहीखाली आपली सही केली. आकारामनं ते पान फुंकर घालून वाळवलं आणि तिथंच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. मागचे ओरडले, "सरक की गड्या पुढं!" रांग तालमीच्या दारापर्यंत गेली होती, आणि जो तो आपल्या पुस्तकात एकशे त्रेचाळिसावं पान शोधत होता.